‘कुठे पोचलास?’ गाडी चालवणाऱ्याला केलेला हा साधा फोन इतका धोकादायक का ठरतो?

मार्च २०२५ मध्ये एक व्हिडिओ कदाचित तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. दादरहून स्वारगेटला निघालेली ई-शिवनेरी, चालकाचा हात स्टेअरिंगवर आणि नजर मोबाइलवर चाललेल्या क्रिकेट मॅचवर. बसमधल्याच एका प्रवाशाने तो प्रकार शूट करून परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोचवला. बस एसटीच्या सेवेतली असली तरी चालक खासगी कंपनीचा होता. त्याला कामावरून काढलं आणि कंपनीला पाच हजारांचा दंड झाला. सोशल मीडियावर लोकांचा संताप झाला, आणि तो बरोबरच होता.

पण त्या संतापात आपली एक सोय होती. आपण काही गाडी चालवताना मॅच बघत नाही. त्यामुळे त्या चालकाला नावं ठेवून आपण मोकळे झालो.

आता दुसरं दृश्य बघा. पोरगा पुण्याहून सातारला बाइकने निघालाय. तासाभराने आईचा फोन येतो, ‘कुठे पोचलास? जेवलास का?’ तो हेल्मेटच्या कडेतून फोन आत सरकवतो आणि गाडी न थांबवता बोलत राहतो. किंवा सेल्स टीमचा मुलगा गाडी चालवतोय हे ठाऊक असूनही साहेब फोन लावतात, ‘दोन मिनिटं आहेत का? तो आकडा सांग फक्त.’ किंवा पार्सल घेऊन येणाऱ्या रायडरचा ठिपका मॅपवर सरकताना दिसत असूनही आपण त्याला फोन करतो, ‘दादा, किती वेळ?’

याचे व्हिडिओ कुणी काढत नाही. इथे कुणी वाईट वागतंय असं कुणालाच वाटत नाही. आईचा फोन तर काळजीपोटीच असतो. पण रस्त्यावरच्या लक्षाचा जो काही अभ्यास गेल्या तीस वर्षांत झाला, त्याने या साध्या फोनबद्दल बऱ्याच गोष्टी उघड केल्या आहेत. त्यातली मुख्य गोष्ट अशी की, अडचण हातात फोन असण्यापुरती नाही. डोकं फोनच्या पलीकडे गेलेलं असतं, ही खरी अडचण आहे.

लक्ष विचलित होणं म्हणजे नेमकं काय?

गाडी चालवताना लक्ष तीन प्रकारे हटतं. डोळे रस्त्यावरून हटतात, हात स्टेअरिंगवरून हटतात किंवा डोकं दुसरीकडे जातं. पाण्याची बाटली उघडणं, मागे भांडणाऱ्या मुलांकडे वळून बघणं, नव्या गाड्यांच्या मोठ्या टचस्क्रीनवर एसी कमी-जास्त करणं, सिगारेट पेटवणं, हे सगळं यात येतं. यातल्या बहुतेक गोष्टी एखाद-दुसऱ्या प्रकारात मोडतात. मेसेज टाइप करणं मात्र तिन्ही एकदम करतं, म्हणून ते सगळ्यात वाईट.

किती वाईट, ते साध्या गणिताने कळतं. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. एक मेसेज वाचून ‘हो’ टाइप करायला पाच सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते. एसटीची बस साधारण ११ मीटर लांब धरली, तर एकामागोमाग उभ्या केलेल्या दहा बसगाड्यांइतकं अंतर आपण डोळे मिटून कापलं.

हे पाच सेकंद मी अंदाजाने धरलेले नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून खरोखरच्या रस्त्यांवर चालकांचं निरीक्षण केलं होतं. २००९ मध्ये त्यांनी सांगितलं की, टेक्स्ट करणाऱ्या ट्रकचालकाच्या बाबतीत अपघात किंवा अपघाताच्या तोंडावर जाणारा प्रसंग घडण्याचा धोका २३ पट वाढतो. अशा प्रसंगांच्या आसपासच्या सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद या चालकांची नजर रस्त्यावर नव्हती.

इथपर्यंत वाद नाही. टाइप करू नये हे सगळ्यांना पटतं, निदान बोलताना तरी. खरी गंमत पुढे आहे.

‘पण मी तर ब्लूटूथवर बोलतो’

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, मग अडचण काय?

या प्रश्नाला पहिला मोठा धक्का १९९७ मध्ये बसला. कॅनडातल्या टोरांटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी मोबाइल बाळगणारे आणि अपघात झालेले ६९९ चालक घेतले. त्या काळात मोबाइलची बिलं सविस्तर यायची, प्रत्येक कॉल किती वाजता झाला ते कळायचं. त्यांनी त्याच माणसाचा अपघाताच्या आधीचा काही मिनिटांचा फोन वापर आणि आदल्या दिवशी त्याच वेळेचा वापर यांची तुलना केली. ‘फोनवर बोलणारी माणसं मुळातच बेफिकीर असतात’ ही पळवाट यामुळे बंद झाली, कारण तुलना एका माणसाची त्याच्याशीच होती. निष्कर्ष असा निघाला की, फोन वापरत असताना धडक होण्याचा धोका सुमारे चौपट होता. आणि हँड्सफ्री फोन वापरणाऱ्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. पुढे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांचा असाच अभ्यास झाला. तिथेही धोका चौपटच निघाला, आणि हँड्सफ्रीने तो कमी झाला नाही.

असं का होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांनी शोधलं. त्यांनी लोकांना सिम्युलेटरमध्ये बसवलं, म्हणजे गाडीसारखी केबिन आणि समोर पडद्यावर रस्ता. डोळे नेमके कुठे बघताहेत हे यंत्राने टिपलं जात होतं. रस्त्याकडेचे जाहिरात फलक चालकांनी पाहिले होते, नजर त्यांच्यावर स्थिरावलेलीही होती. पण नंतर विचारलं, तर हँड्सफ्री फोनवर बोलत असलेल्यांना त्यातले कितीतरी फलक ओळखताच आले नाहीत. डोळ्यांनी बघितलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

तुम्ही तो गोरिलाचा व्हिडिओ पाहिला असेल. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगतात आणि मधूनच गोरिलाच्या पोशाखातला माणूस छाती बडवत निघून जातो. ख्रिस्टोफर शाब्री आणि डॅनियल सायमन्स यांच्या १९९९ च्या त्या प्रयोगात जवळपास निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत त्या गोरिलाच्या जागी रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी असू शकते. अपघातानंतर चालक सांगतो, ‘ती एकदम कुठून आली कळलंच नाही.’ तो खोटं बोलत असेलच असं नाही.

स्ट्रेयर यांचाच २००६ चा आणखी एक प्रयोग आहे. ४० जणांना त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तीन अवस्थांमध्ये सिम्युलेटर चालवायला लावलं. एकदा साधं, एकदा फोनवर बोलताना, आणि एकदा व्होडका पाजून. दारूचं प्रमाण रक्तात ०.०८ टक्के, म्हणजे तिथल्या कायद्याच्या मर्यादेपर्यंत नेलं होतं. आपल्याकडची मर्यादा ०.०३ टक्के आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने ते चांगलेच ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ होते. दारू प्यायलेले लोक आक्रमक चालवत होते, पुढच्या गाडीला चिकटत होते. फोनवरचे लोक उलट सुस्तावले होते, त्यांना ब्रेक दाबायला उशीर होत होता. पुढच्या गाडीला मागून धडक दिली ती तिघांनी. तिघेही त्या वेळी फोनवर बोलत होते. दारूच्या फेरीत धडक एकही नाही. फोन हातात होता की हँड्सफ्री, याने इथेही फरक पडला नाही.

याचा अर्थ दारू पिऊन चालवणं बरं, असा कृपया कुणी काढू नये. (स्क्रीनशॉट फिरवताना हे वाक्यही सोबत ठेवा.)

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती म्हणजे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. वर ज्या ट्रकचालकांच्या निरीक्षणाचा उल्लेख केला, त्यात निव्वळ हँड्सफ्रीवर बोलल्याने धोका वाढलेला दिसला नव्हता. नंबर लावणं, फोन शोधणं, टाइप करणं यांनी तो वाढत होता. लांबच्या, कंटाळवाण्या रस्त्यावर बोलत राहिल्याने झोप दूर राहत असावी, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे ब्लूटूथवरचा प्रत्येक कॉल अपघाताला आमंत्रण देतो, असं म्हणता येणार नाही. पण रिकाम्या हायवेवरचा अनुभवी ट्रकचालक आणि संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर, रिक्षा, टेम्पो आणि मधूनच घुसणाऱ्या स्कूटींच्या गर्दीतले आपण, यांची परिस्थिती सारखी नाही. ‘हँड्सफ्री म्हणजे सेफ’ हा आपला जो ठाम समज आहे, त्याला या संशोधनात आधार सापडत नाही.

आणि ‘मला जमतं’ म्हणणाऱ्यांसाठीही आकडा आहे. युटातच २०१० मध्ये २०० जणांची परीक्षा झाली. गाडी चालवणं आणि फोनवर डोकं लावणं ही दोन्ही कामं एकदम करूनही ज्यांची कामगिरी अजिबात ढासळली नाही, असे निघाले २.५ टक्के. म्हणजे पाच जण.

मग शेजारी बसलेल्याशी बोललं तर चालतं का?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. बोलणं म्हणजे बोलणं, ते शेजारच्या सीटवरच्या माणसाशी असो की फोनवरच्याशी. फरक काय?

फरक असा की शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो. आठवून बघा, बायको शेजारी बसून काहीतरी सांगत असते आणि समोरून ट्रक ओव्हरटेक करताना दिसला की ती वाक्य अर्धवट सोडते. कधी कधी ‘अहो, तो बघा’ म्हणून ओरडतेही. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि आपण उत्तर दिलं नाही तर ‘हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?’ असं विचारून उरलंसुरलं लक्षही खेचून घेतो.

२००८ मध्ये हे प्रयोगातही दिसलं. चालकांना सांगितलं होतं की काही मैल गेल्यावर अमुक ठिकाणी हायवे सोडून बाहेर पडायचं आहे. शेजारी मित्र बसवून गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती वाट बरोबर पकडली. तोच मित्र फोनवर होता, तेव्हा निम्मे चालक वाट चुकून पुढे निघून गेले. रेकॉर्डिंग तपासल्यावर कळलं की शेजारी बसलेले लोक गर्दी वाढली की रहदारीबद्दलच बोलायला लागत होते. नकळत ते दुसरे डोळे झाले होते.

म्हणजे गाडी चालवणाऱ्याशी बोलणाऱ्याची भूमिका छोटी नसते. तो मदत करतो किंवा अडचण वाढवतो, आणि बरंचसं त्याला रस्ता दिसतोय का यावर ठरतं.

शंभर सेकंदांचा एक कॉल

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण रस्त्यावरचं नाही, रुळांवरचं आहे. पण लक्षाचा नियम दोन्हीकडे एकच.

२४ जुलै २०१३. स्पेनमध्ये माद्रिदहून फेरोलकडे जाणारी वेगवान रेल्वे सांतियागो दे कोंपोस्तेला शहराजवळ आली होती. पुढे तीव्र वळण होतं, तिथे वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. चालक अनुभवी होता, मार्ग त्याच्या ओळखीचा होता. वळणाच्या बरंच आधी ब्रेक लावायला सुरुवात करायची, हेही त्याला माहीत होतं. नेमका त्याच वेळी त्याचा कामाचा फोन वाजला. फोन गाडीतल्याच तिकीट तपासनिसाचा होता. पुढच्या एका स्टेशनवर एका कुटुंबाला उतरायचं होतं, त्यांच्या सोयीचा प्लॅटफॉर्म घेता येईल का, एवढीच विचारणा. संभाषण साधारण शंभर सेकंद चाललं. ते संपलं तेव्हा चालकाला आपण नेमके कुठे आहोत याचं भान उरलं नव्हतं. गाडी ताशी १७९ किलोमीटर वेगाने त्या वळणावर रुळांवरून घसरली. ८० च्या आसपास माणसं गेली.

यात रील नाही, मॅच नाही, चॅटिंग नाही. प्रवाशांची काळजी करणाऱ्या एका सहकाऱ्याने कामासाठी केलेला फोन होता. २०२४ मध्ये न्यायालयाने चालकाला दोषी धरलंच, शिवाय रेल्वेच्या पायाभूत सुविधा सांभाळणाऱ्या कंपनीच्या माजी सुरक्षा प्रमुखालाही दोषी धरलं. माणसाचं लक्ष कधीतरी चुकणार हे गृहीत धरून त्या वळणावर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा असायला हवी होती, आणि ती नव्हती.

आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरला रेल्वेच्या विनाचौकीदार फाटकावर शाळेची व्हॅन पॅसेंजर गाडीखाली आली, १३ मुलं गेली. व्हॅनच्या चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. रस्त्यावरची धोक्याची सूचना बऱ्याचदा आधी कानाला मिळते, मग डोळ्यांना. दोन्ही कानांत इअरबड्स घालून टू-व्हीलर चालवणारे आपल्याच शहरात दर सिग्नलला दिसतात.

भारतात असे अपघात किती होतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के टू-व्हीलरवरचे होते. कारणांच्या तक्त्यात अतिवेगाचा वाटा सगळ्यात मोठा, मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून जास्त. दारू किंवा अमली पदार्थांच्या नशेमुळे ४,२०१ मृत्यू. गाडी चालवताना मोबाइल वापरल्यामुळे ३,३९५.

म्हणजे एकूण मृत्यूंपैकी दोन टक्के. आकडा वाचून हायसं वाटेल, पण जरा थांबा.

दारूचा पुरावा रक्तात सापडतो. वेगाचा अंदाज गाडीच्या चेंदामेंद्यावरून बांधता येतो. लक्ष कुठे होतं याचा पुरावा कुठे सापडणार? अपघातानंतर पोलीस येतात तेव्हा फोन खिशात गेलेला असतो किंवा फुटून बाजूला पडलेला असतो. चालक स्वतःहून सांगत नाही, आणि मेला असेल तर सांगूच शकत नाही. कॉलचं रेकॉर्ड कंपनीकडून मागवता येतं, पण ते दर अपघातात मागवलं जात नाही. व्हॉट्सअॅप कॉल, रील, गाणं बदलणं यांची त्यात साध्या कॉलसारखी नोंदही नसते. शिवाय एका अपघातामागे अनेक कारणं असतात. ताशी ९० ने जाताना मेसेज बघणाऱ्याने ठोकलं, तर तक्त्यात तो ‘अतिवेग’ म्हणून जाण्याची शक्यता जास्त. त्यामुळे ३,३९५ हा आकडा ‘इतके तरी नक्की’ अशा अर्थानेच वाचावा, असं माझं मत आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीत गाडी चालवताना हातात धरून वापरायचं संपर्काचं साधन वापरणं, हेही त्यात स्पष्टपणे घातलं गेलं. १ सप्टेंबर २०१९ पासून ही तरतूद लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं तडजोड शुल्क भरून, म्हणजे आपल्या भाषेत ई-चलान भरून मिटतात. त्याच्या रकमा राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्राने वाढीव रकमा लगेच लागू केल्या नव्हत्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये आल्या.

लायसन्सही जाऊ शकतं. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की, गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. याची अंमलबजावणी किती होते, हे आपापल्या चौकात उभं राहून बघता येईल.

गुगल मॅपचं काय? ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष हटणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे होल्डरवर लावून, निघण्यापूर्वी पत्ता टाकून. मांडीवर ठेवून मधे मधे खाली बघणं यात बसत नाही.

पण कायद्याचा सगळा जोर ‘हातात धरलेल्या’ फोनवर आहे, हे लक्षात आलं असेल. विज्ञानाने हँड्सफ्रीबद्दल जे सांगितलं ते कायद्यात उतरलेलं नाही, आणि हे फक्त भारतातच आहे असं नाही. बहुतेक देशांचे कायदे हातापाशीच थांबतात. कारण व्यवहाराचं आहे. हातातला फोन पोलिसाला आणि कॅमेऱ्याला दिसतो, डोक्यातला कॉल दिसत नाही. ब्रिटनमध्ये तर हातातल्या फोनबद्दलही गोंधळ होता. तिथला कायदा फोनवरून ‘संपर्क साधण्या’बद्दल होता, म्हणून गाडी चालवता चालवता अपघाताचं शूटिंग करणारा एक माणूस २०१९ मध्ये उच्च न्यायालयातून सुटला. शूटिंग म्हणजे संपर्क नव्हे! शेवटी मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून फोन हातात धरून काहीही करायला बंदी आली.

सिग्नलला थांबल्यावर तरी बघू का?

लाल दिवा लागला की माना खाली जातात आणि मागून हॉर्न वाजल्यावर वर येतात. गाडी उभी असताना कुणी मरत नाही, हे खरं. पण स्ट्रेयर यांच्याच चमूने २०१५ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या फाउंडेशनसाठी केलेल्या अभ्यासात आढळलं की, आवाजाने आज्ञा देऊन नंबर लावण्यासारखं काम संपल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. सिग्नल सुटतो, गाडी चौकात शिरते, झेब्रा क्रॉसिंगवरचा शेवटचा माणूस अजून मधेच असतो, आणि आपण मनाने अजून त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो.

फोन करणाऱ्याची जबाबदारी किती?

आता पुन्हा सुरुवातीच्या त्या आईकडे, साहेबांकडे आणि आपल्याकडे येऊ. चालवणाऱ्याने फोन उचलू नये, हे आपण त्याला शंभर वेळा सांगतो. पण तो का उचलतो? आईचा फोन नाही उचलला तर ती घाबरेल. साहेबांचा नाही उचलला तर उद्या ऐकून घ्यावं लागेल. कस्टमरचा नाही उचलला तर रेटिंग जाईल. रायडर किंवा कॅबचालकासाठी फोन न उचलणं हा पैशांचा प्रश्न असतो. दंडाची भीती कधीतरी सापडलो तरची, ही भीती आत्ताची.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात हा प्रश्न थेट कोर्टात गेला. २००९ मध्ये तिथे पिकअप ट्रक चालवणाऱ्या १८ वर्षांच्या मुलाने समोरून मोटरसायकलवर येणाऱ्या नवरा-बायकोला धडक दिली. दोघांनीही एकेक पाय गमावला. मुलगा त्या वेळी मैत्रिणीशी टेक्स्टवर बोलत होता. जोडप्याने त्याच्यासोबत त्या मैत्रिणीवरही दावा लावला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की, समोरचा गाडी चालवतोय आणि चालवतानाच मेसेज बघणार आहे हे पाठवणाऱ्याला माहीत असेल, तर पाठवणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. तिला ते माहीत होतं याचा पुरेसा पुरावा नव्हता, त्यामुळे ती सुटली. पण तत्त्व नोंदलं गेलं. आपल्याकडच्या कलम १८४ मध्ये फोन करणाऱ्याबद्दल काही नाही, ते चालवणाऱ्यापुरतंच आहे.

मोबाइल कंपन्यांनी हे दुसरं टोक कधी कधी ओळखलं आहे. सॅमसंगने २०१६ मध्ये भारतात ‘एस बाइक मोड’ आणला होता. बाइक चालवणाऱ्याला फोन केला की करणाऱ्याला रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, ‘ही व्यक्ती आत्ता गाडी चालवतेय, खरंच तातडीचं असेल तर १ दाबा.’ १ दाबलं तरच घंटी जायची, आणि गाडी थांबवल्याशिवाय फोन उचलता यायचा नाही. मला यातलं ‘१ दाबा’ सगळ्यात आवडतं. ‘जेवलास का?’ हे तातडीचं आहे की नाही, हे त्या एका बटणासमोर आईला स्वतःच ठरवावं लागायचं.

आज आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ आहे. तो चालू असला की नोटिफिकेशन दबतात आणि मेसेज करणाऱ्याला आपोआप उत्तर जातं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही गाडीत बसल्यावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप सुरू करायची सोय असते, ती सेटिंगमध्ये शोधावी लागते. पण सेटिंग चालवणाऱ्याच्या फोनमध्ये असतं. फोन करणाऱ्याच्या हातात वेगळ्या गोष्टी आहेत. फोन उचलल्या उचलल्या पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं वाक्य ‘थांबलास की कर’, मग फोन ठेवून द्यायचा. ‘बरं, एकच सांगते’ म्हणायचं नाही. ऑफिसमध्ये साहेबांनी एकदा टीमला सांगून टाकायचं की रस्त्यावर असताना माझा फोन उचलला नाही तरी चालेल. हे वाक्य साहेबांकडूनच यावं लागतं, टीममधल्या कुणी म्हणून उपयोग नाही. रायडरच्या बाबतीत अॅपवर ठिपका सरकत असेल तर तो येतोय. पत्त्याची खूण सांगायची असेल तर ती ऑर्डर देतानाच लिहून ठेवता येते.

आणि आईसाठी, म्हणजे ‘कुठे पोचलास?’ या मूळ प्रश्नासाठी, व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन आहे. निघताना, गाडी सुरू करायच्या आधी, ते पाठवायचं. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय येतात. पुण्याहून सातारला जाताना १ तासाचा पर्याय पुरत नाही, वाटेतच बंद पडतो आणि मग फोन येतोच, त्यामुळे ८ तासांचा निवडा. घरच्यांना आधी एकदा उघडून दाखवा की नेट गेलं तर ठिपका काही वेळ एकाच जागी अडकून राहतो, विशेषतः घाटात. नाहीतर ठिपका का हलत नाही हे विचारायला पुन्हा फोन येईल.